सावली दाखवणारा दिवा

पुण्याच्या तपकीर गल्लीत दुपारनंतर शिरलं की काही दुकानांपाशी राळेचा वास येतो. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक राळेत बुडतं, पांढरा धूर उठतो आणि चिकाचा, झाडाच्या सालीचा गोडसर वास अरुंद बोळात बराच वेळ रेंगाळतो. एका जिन्याखाली जेमतेम एक टेबल मावेल एवढ्या जागेत एक कारागीर सायकलींचे दिवे उघडून बसलेले असतात. येणारी पोरं त्यांना काका म्हणतात. टेबलावर भिंगाचा दिवा, मल्टीमीटर, निकेलच्या पातळ पट्ट्या आणि सोनाराकडे असतो तसा छोटा काटा.

मी तिथे पोचले ते दोन दिव्यांमुळे. मुळशीच्या रस्त्यानं रात्री परतताना समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून दोन उजेड खाली येताना दिसले. तिथे रस्ता नाही हे मला ठाऊक होतं. दिवे थांबत, वळत, पुन्हा सुटत. पायथ्याशी चहाच्या टपरीवर ते उतरले तेव्हा कळलं की नोकरी करणारी माणसं आहेत. दिवसभर कचेरीत, म्हणून सायकल चालवायची ती रात्री. मुरमाड वाटेनं, दगडगोट्यांतून, डोक्यावर आणि हँडलवर एकेक दिवा लावून. दिवा कुठला घेता, असं विचारल्यावर दोघांनीही आधी याच टेबलाचं नाव घेतलं.

काकांनी पहिल्याच भेटीत मला एक आकडा दिला. "ताई, तीन सेकंद. दिव्यानं पुढचे तीन सेकंद दाखवले पाहिजेत. बाकी खोक्यावर काय छापलंय ते नंतर बघू."

हिशेब सरळ आहे. ताशी २० किलोमीटर वेगानं सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. दगड दिसला, तो दगड आहे हे उमगलं, बोटं ब्रेकवर गेली, एवढ्यात पहिला सेकंद संपतो. सुट्या मुरमावर चाक घसरत थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. म्हणजे दहा मीटर तर नुसते थांबण्यात गेले. तीन सेकंदांत सायकल सतरा मीटर जाते. त्यातले उरलेले सहा-सात मीटर वाट निवडायला मिळतात, या दगडाच्या डावीकडून की उजवीकडून, एवढं ठरवायला. उतारावर वेग ३० झाला की तेच तीन सेकंद पंचवीस मीटर होतात. या पंचवीस मीटरच्या पलीकडे दोनशे मीटरवरचं झाड उजळवणारा दिवा चालवणाऱ्याला फारसं काही देत नाही.

बाजारात मात्र विकला जातो तो ल्युमेनचा आकडा. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकंदर किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. तो वाटेवर पडतो की आभाळात जातो, हे त्यात येत नाही. जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर प्रत्यक्ष किती उजेड पडला हे लक्समध्ये मोजतात, आणि अंतर दुप्पट झालं की तो चौथाईवर येतो. डोळ्याचंही स्वतःचं गणित आहे: ल्युमेन दुप्पट केले म्हणून उजेड दुप्पट वाटत नाही. आठशेच्या दिव्यावरून सोळाशेच्या दिव्यावर गेलेला माणूस अंधारात फरक शोधत बसतो आणि बॅटरी मात्र निम्म्या वेळात उतरलेली असते.

या बॅटरीसाठी तो सोनाराचा काटा. सायकलच्या बहुतेक दिव्यांमागे १८६५० जातीचे लिथियम सेल असतात. १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो आणि या आकारात साडेतीन हजार मिलीअँपिअर-तास ही क्षमता म्हणजे जवळपास कमाल मर्यादा. तरी नऊ हजार नऊशे छापलेले सेल सर्रास मिळतात. काकांनी असा एक सेल काट्यावर ठेवला. तिशीच्या पुढे काटा गेला नाही. त्यांनी तो आधीच कापून ठेवलेल्या दुसऱ्या सेलशेजारी मांडला: मोठ्या नळकांड्यात पोटाशी लपवलेला बारका सेल आणि बाकी जागेत पांढरी भुकटी. त्यांच्या आवाजात एरवी चढउतार नसतो, पण इथे राग स्पष्ट ऐकू आला. "दिवा विझतो तेव्हा पोरगं उतारावर असतं," ते म्हणाले. नवा पॅक बांधताना ते सेलवर आयर्न टेकवत नाहीत, उष्णतेनं सेल खराब होतो म्हणून. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं चिकटवतात. राळ लागते ती वायरी आणि दिव्यातल्या सर्किटसाठी.

खोक्यावरच्या तासांचंही तसंच आहे. विजेऱ्यांसाठी २००९ मध्ये अमेरिकेत एफएल-१ नावाचं मानक ठरलं आणि ते बरंच प्रामाणिक आहे, पण ते वाचता यावं लागतं. त्यात 'चार तास' म्हणजे उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा काळ. सुरुवातीला हजार ल्युमेन देणारा दिवा चौथ्या तासाच्या शेवटी शंभर देत असेल, तरी खोक्यावर चार तास लिहिता येतं. आणि उजेड जिथे पाव लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंतचं अंतर 'पल्ला' म्हणून छापतात. चांदण्यात माणूस चालू शकतो; तीन सेकंदांत दगड टाळू शकत नाही. स्कॉटलंडमध्ये जानेवारीत स्ट्रॅथपफर नावाची चोवीस तासांची माउंटन बाइक शर्यत होते, त्यातले सतराएक तास अंधाराचे. तिथे जाणाऱ्याला दिव्याचे तास स्वतः मोजूनच निघावं लागतं. आपल्याकडच्या दोन तासांच्या फेरीलाही तो हिशेब लागू आहे: घरी दिवा पूर्ण चार्ज करून, पंख्यासमोर ठेवून, तो खरोखर किती वेळ जोमात राहतो ते घड्याळ लावून बघायचं. पंखा हवाच, कारण एलईडीचं कवच वाऱ्यानं थंड राहतं. वारा नसेल तर आतलं सर्किट काही मिनिटांत उजेड उतरवतं. चढावर, माणसाच्या चालीनं सायकल जात असताना, हेच घडतं.

हे सगळं टेबलापाशी समजलं. पण दिव्याची निवड म्हणजे काय, हे माळावर समजलं.

दिवाळीनंतरची कोरडी थंडी होती. वनखात्याच्या हद्दीत रात्री शिरायचं नाही हा रात्री सायकल चालवणाऱ्या त्या गटाचा नियम, म्हणून गावाच्या गायरानातून जाणारी बैलगाडीची जुनी वाट. मी एका वळणावर उभी होते. त्यांच्यातल्या एकीनं स्वतःचा दिवा माझ्या हातात दिला आणि आठ-दहा पावलांवरच्या एका काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. दिवा कपाळाशी धरून बघा, म्हणाली. पाहिलं. पिवळं गवत लख्ख, वाट लख्ख, आणि दगड वाटेवर एखादा काळसर डाग पडावा तसा सपाट. मग दिवा कमरेपाशी आणला. त्याच क्षणी दगड उभा राहिला. मागे लांबलचक सावली, अलीकडची कड धारदार, शेजारी पाण्यानं कापलेली घळ काळी आणि खोल.

मी तो दिवा कितीदा वरखाली केला असेल! मध्ये दोन सायकली गेल्या, थंडी वाढली, तरी हात तेच करत होता. कपाळाशी: डाग. कमरेशी: दगड. उजेड तेवढाच. डोळ्याशेजारून निघालेल्या उजेडाची सावली वस्तूच्या मागे दडते, डोळ्याला ती दिसूच शकत नाही. खालून येणारा उजेड सावली मोकळी करतो. अंधारात खोली कळते ती या सावलीमुळे. दिव्यांवरच्या एवढ्या बोलण्यात सावलीबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला तेव्हापासून वाईट वाटतं.

म्हणून हँडलचा दिवा पसरट झोताचा हवा, मध्ये फार प्रखर ठिपका नको. ठिपक्यामुळे बाहुली आकसते आणि वाटेच्या कडा आणखी काळ्या होतात. हेल्मेटचा दिवा त्याच्या जोडीला, थोडा अरुंद झोताचा. हँडल अजून सरळ असतं तेव्हा मान वळलेली असते. वळणापलीकडे काय आहे ते हेल्मेटचा दिवाच दाखवतो, आणि डोक्याच्या उंचीवरच्या बाभळीच्या फांद्याही. तो हलका हवा. दीडशे ग्रॅमच्या वरचं वजन दोन तासांत मानेला कळतं, म्हणून जड पॅक पाठीवरच्या पिशवीत ठेवून वायर वर घेतात.

रंगाचा मुद्दा मला आधी हौसेचा वाटला होता, पण तो गंभीर आहे. साडेसहा हजार केल्विनचा निळसर पांढरा उजेड डोळ्यात भरतो, मात्र तांबूस मुरूम आणि करडा दगड त्यात एकसारखे दिसतात. साडेचार हजाराच्या आसपासच्या उजेडात माती मातीसारखी दिसते. दगडांच्या माळावर फुरसं असतं, मातीच्याच रंगाचं, आणि ते बहुतेक रात्रीच हिंडतं.

त्या गटातल्या एका तरुणाकडे तीन हजार ल्युमेनचा दिवा आहे. त्याची बाजू ऐकून घेण्यासारखी होती. सरळ, रुंद उतारावर त्याचा वेग खरंच जास्त असतो, त्याला तीन सेकंदांसाठी जास्त लांबचं दिसावं लागतं, आणि बिबट्याच्या मुलखात लांबवरून डोळे चमकलेले दिसणं हा धीर आहे, असं तो म्हणाला. वेगाचा मुद्दा मला पटतो. पण पावसाळ्यात धुकं उतरलं की हाच उजेड थेंबांवरून परत डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा तोही हेल्मेटचा दिवा बंद करून हँडलचा सगळ्यात मंद पायरीवर आणतो. पावसाळ्यासाठी आणखी एक बघायचं: आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे झेलणारा, सह्याद्रीच्या पावसाला आयपीएक्स-६ तरी हवा.

आणि त्या माळावर आपण एकटे नसतो. रातवा पक्षी कच्च्या वाटेवरच बसतो. झोतात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात आणि तो दिपून शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. रानडुकरांपासून ज्वारी राखायला मचाणावर बसलेला शेतकरी ओरडून सांगतो, "डोळ्यात मारू नका हो!" एकदा दिपलेल्या डोळ्याला पुन्हा पुरता अंधार सरावायला अर्धा तास जातो, आणि त्याचं सगळं काम त्या अंधारातच असतं. ही मंडळी माणूस दिसला की दिवा खाली वळवतात. मला वाटतं, दिवा निवडताना तो मंद किती होतो आणि हातमोज्यातल्या बोटानं किती चटकन होतो, हेही तपासायला हवं.

नंतर एका संध्याकाळी काकांकडे एक मुलगी आली. नुकतीच रात्री चालवायला लागलेली, पैसे एकाच दिव्यापुरते. जंगलातल्या वळणावळणाच्या वाटेवर फिरणारे बरेच जण आधी हेल्मेटचा घ्या म्हणतात, तेही तिनं ऐकलेलं. काकांनी ल्युमेन विचारले नाहीत. वाट कुठली, वेग किती, परतायला किती वाजतात, एवढंच विचारलं.

"गायरानाची वाट. पंधराच्या वर जात नाही. साडेनऊपर्यंत घरी."

"मग हँडलचा घे. आठशेचा पुष्कळ झाला. आणि खिशात एक छोटी विजेरी ठेव, हा बंद पडला तर चालत उतरायला. हेल्मेटचा पुढच्या वर्षी बघू."

तिनं एक जुना दिवा पुढे केला, भावाचा, पावसात बंद पडलेला. काकांनी मागचे स्क्रू काढले, आतली हिरवी पडलेली वायर कापली आणि नवी जोडायला आयर्न राळेत टेकवलं. सेल वजन करून मंगळवारी सांगतो, म्हणाले.