दाण्यातलं पाणी मोजतं कोण?

‘एकाच पोत्यातलं सोयाबीन. एका मीटरवर मॉइश्चर १२ आलं, पलीकडच्यावर १४. मग खोटं कोण बोलतं?’ मंगरुळपीर तालुक्यातल्या एका वाचकाचा हा प्रश्न. वाशिम जिल्ह्यात खरीप म्हणजे आधी सोयाबीन, त्यामुळे सोंगणी आटोपून माल वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजारात येऊ लागला की हा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. उत्तर सोपं आहे, पण कुणालाच आवडणारं नाही. दोन्ही मीटर पाणी मोजतच नाहीत.

आधी पैशाचं बघू. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. ती पाळणं शेतकऱ्यांना जड जातंय अशी ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांवर नेली. या तीन टक्क्यांचा हिशेब करून पाहावा. शंभर किलो मालात १५ टक्के पाणी असेल तर कोरडा ऐवज ८५ किलो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर ९६.६ किलो भरतो. म्हणजे क्विंटलमागे घट ३.४ किलोची. तीन किलो कापणाराही चुकतो आणि पाच कापणारा तर चुकतोच चुकतो. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावाने ही घट सुमारे १८१ रुपयांची. आणि मीटर एका टक्क्याने जरी चुकला तरी क्विंटलला साठेक रुपये इकडचे तिकडे होतात. वीस क्विंटलला बाराशे. शेतकरी मीटरच्या आकड्याकडे डोळे वटारून का बघतो, ते यावरून कळावं.

पाणी खरोखर मोजायचं तर एकच राजमार्ग: दाणे तोलायचे, भट्टीत वाळवायचे, पुन्हा तोलायचे. अख्ख्या सोयाबीनसाठीची प्रमाण पद्धत सांगते की १०३ अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवा. तीन दिवस! हर्रास तोवर थांबत नाही, अडत्या थांबत नाही आणि भाव तर मुळीच थांबत नाही. म्हणून आपण आडवाट धरतो. पाण्यामुळे दाण्याचा दुसरा कुठला तरी गुण बदलतो, तो झटपट मोजायचा आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधायचा. हा दुसरा गुण कधी आवाज असतो, कधी वीज, कधी प्रकाश. बाजारातला मीटर काय, विहिरीची जागा शोधणारं यंत्र काय, आकाशातला उपग्रह काय, सगळ्यांचा धंदा हाच.

आवाजाची आडवाट सर्वांत जुनी आणि फुकटची. पिकलेल्या शेंगेत दाणा सुटा होतो आणि झाड हलवलं की खुळखुळतो. त्यावरून सोंगणीचा दिवस ठरतो. मळणीनंतर दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌ असा आवाज करून दुभंगला तर वाळला, दबून चेपला तर अजून ऊन द्यायला हवं. कोरडा दाणा ठिसूळ असतो, साठलेला ताण एका झटक्यात सोडतो आणि त्या झटक्याचा आवाज होतो. ओल्या दाण्यात तोच ताण मुरतो. ही तपासणी चांगली आहे, पण दाढ १२ आणि १३ यांतला फरक सांगत नाही. पैसे तर तिथेच अडतात.

विजेच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाची गोष्ट मला फार आवडते, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही असं माझं मत आहे. लायमन ब्रिग्ज हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, शेतावर वाढलेला मुलगा. जन्म १८७४ चा. भौतिकशास्त्र शिकून तो १८९६ मध्ये अमेरिकी कृषी खात्यात लागला आणि मातीत पाणी कसं धरून ठेवलं जातं यावर काम करू लागला. त्या काळात धान्यातल्या ओलाव्यावरून तिथेही असेच तंटे होते. त्याच खात्यातल्या डुव्हेल यांनी १९०७ मध्ये दाणे तेलात तापवून पाणी वेगळं काढण्याची रीत दिली. भट्टीपेक्षा झटपट, पण शेवटी चूल-भांड्याचंच काम. ब्रिग्जने पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, गव्हात विजेची दोन टोकं खुपसली आणि रोध मोजला. ओलावा थोडासा वाढला की रोध धाडकन कोसळत होता. इतका की आलेखाला सरळ रेषेवर आणायला रोधाचा लॉगॅरिथम घ्यावा लागला. आपल्याकडे दाणे स्क्रूने दाबून रोध मोजणारे जे जुने मीटर दिसतात, त्यांचं कूळ इथून निघतं. पुढे शँट्झ या सहकाऱ्यासोबत त्याने आणखी एक प्रश्न सोडवला: जमिनीत किती पाणी उरलं की पीक कायमचं माना टाकतं? कृषीच्या विद्यार्थ्याला हा आकडा आजही शिकावा लागतो.

इथवर ठीक. पण हाच ब्रिग्ज पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेचा प्रमुख झाला आणि ऑक्टोबर १९३९ मध्ये, अणुबॉम्बची शक्यता सांगणारं आइन्स्टाइनचं ते प्रसिद्ध पत्र राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोहोचल्यावर, युरेनियम समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं! अणुबॉम्ब शक्य आहे का, याचा विचार करायला बसवलेला माणूस मूळचा गव्हाचा ओलावा मोजणारा. इतिहासाने त्याला फार प्रेमाने वागवलेलं नाही. बॉम्ब बनू शकतो असं सांगणारा ब्रिटिशांचा गुप्त अहवाल त्याने समितीला न दाखवता तिजोरीत ठेवून दिला होता, हे १९४१ च्या ऑगस्टमध्ये मार्क ऑलिफंट या भौतिकशास्त्रज्ञाला ब्रिटनहून अमेरिकेत गेल्यावर कळलं आणि तो हादरला. ब्रिग्जचं नाव पुस्तकांत येतं ते बहुधा या तिजोरीमुळे. मला मात्र १९५९ चा ब्रिग्ज आठवतो: वय पंच्याऐंशीच्या घरात, आणि बेसबॉलचा चेंडू हवेत किती वळतो हे वाऱ्याच्या बोगद्यात मोजत बसलेला. मोजण्याची हौस गहू आणि चेंडू यांत भेद करत नाही.

आज बाजारात दिसणारे डब्यासारखे मीटर बहुतेक रोध मोजत नाहीत. त्यांत दाणे ओतले की विजेच्या दोन पत्र्यांमध्ये ते बसतात आणि तो कप्पा किती विद्युतभार साठवू शकतो हे यंत्र बघतं. पाण्याचा रेणू एका टोकाला किंचित धन, दुसऱ्या टोकाला किंचित ऋण. विजेचं क्षेत्र पालटलं की तोही वळतो. म्हणून पाण्याचा विद्युत-स्थिरांक ८० च्या आसपास, तर कोरड्या दाण्याचा आणि तेलाचा जेमतेम दोन-तीन. इतकी तफावत असल्यावर थोडंसं पाणीही लपत नाही. मग दोन मीटरांत भांडण का?

कारण दाण्यातलं पाणी पेल्यातल्या पाण्यासारखं मोकळं नसतं. पुष्कळसं पाणी प्रथिनांना आणि कर्बोदकांना चिकटून असतं, आणि चिकटलेला रेणू सहजी वळत नाही. त्यातून दाणा गरम असेल तर आकडा चढतो. ताडपत्रीवरून उन्हात तापलेला माल थेट मीटरमध्ये ओतला तर यंत्राला तापमानाची दुरुस्ती करावी लागते, आणि आतला तापमापक नीट नसला तर ती दुरुस्तीच चूक ठरते. दाणे दाबून भरले की सैल, ठरलेल्या वजनाचे घेतले की मूठभर, यानेही फरक पडतो. रोध मोजणाऱ्या यंत्राची खोड निराळी: दिवसभर उन्हात टाकलेल्या दाण्याची साल कोरडी, गाभा ओला, म्हणून तो माल वाजवीपेक्षा वाळलेला भासतो. त्याच मालावर पहाटे दव पडलं तर उलटा न्याय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे यंत्राच्या पोटातला तक्ता. विजेच्या अमुक मापाला तमुक टक्के पाणी, हे नातं कुणीतरी कधीतरी भट्टीत वाळवलेल्या नमुन्यांवरून बसवलेलं असतं. ते नमुने कोणत्या वाणाचे होते, कोणत्या हंगामातले होते, त्यावर पुढचं सगळं अवलंबून. म्हणून १२ आणि १४ दाखवणारे दोन मीटर खोटं बोलत असतीलच असं नाही. त्यांनी वेगळ्या तक्त्यांवरून वेगळे अंदाज बांधलेले असू शकतात. (मुद्दाम खोटं बोलायला लावलेले मीटर असतात का? तो भौतिकशास्त्राचा विषय नाही.)

विजेचा आकडा म्हणजेच पाणी समजण्याची हीच गफलत वाशिमच्या जमिनीखाली मोठ्या खर्चाने होते. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, मधूनच लाल मातीचा थर. भूजल सर्वेक्षणवाले शिवारात चार सळया रोवतात, दोनांतून वीज सोडतात आणि दोनांवर दाब मोजतात. फ्रान्सच्या कॉनराड श्लुम्बर्जेने ही रीत १९१२ मध्ये सुरू केली. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज खोल खोल उतरते. अखंड पाषाणाचा रोध चढा, भेगाळलेल्या, पाणी धरलेल्या मुरमाचा कमी. पण ओल्या चिकणमातीचा त्याहूनही कमी, आणि चिकणमाती पाणी धरून बसते, विहिरीला सोडत नाही. त्यामुळे सर्वांत कमी आकडा तिथे बोअर, असं म्हणणारा यंत्रवाला आणि हातात नारळ उभा करणारा पाणाडी यांच्यात मला फारसं अंतर दिसत नाही. आकड्याला भूगर्भाची जाण जोडणारा माणूसच कामाचा.

आता प्रकाशाची वाट. विल्यम हर्शेल हा बाथ गावचा ऑर्गनवादक. हौसेने दुर्बिणी बनवता बनवता त्याने १७८१ मध्ये युरेनस शोधला (तो नसता तर ब्रिग्जच्या युरेनियम समितीला दुसरं नाव शोधावं लागलं असतं). १८०० मध्ये त्याने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात तापमापक ठेवले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथेही पारा चढलेला पाहिला. हाच अवरक्त प्रकाश. वादकाला सापडला हे मला शोभून दिसतं, कारण पुढचं सगळं प्रकरण तंबोऱ्याचं आहे.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की एकच स्वर निघत नाही. मूळ कंपनासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनंही उमटतात, आणि जवारी नीट लागली असेल तर न छेडलेला गंधार कानावर येतो. सी. व्ही. रामन यांनी ऐन उमेदीत तंबोरा आणि वीणा यांच्या या करामतीचा अभ्यास केला होता. नोबेलच्या गर्दीत तो मागे पडला. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंधही असाच तारेसारखा ताणतो, आखडतो. त्याचा मूळ स्वर तीन मायक्रॉनच्या आसपासचा. तिथे पाणी प्रकाश इतका अधाशीपणे गिळतं की किरण दाण्यात शिरतच नाही. पण वरचा उपस्वर साधारण निम्म्या तरंगलांबीवर, १४५० नॅनोमीटरजवळ, आणि ताणणं व वाकणं यांचा मिलाफ १९४० जवळ. हे स्वर दबके आहेत म्हणूनच उपयोगी: प्रकाश दाण्यात खोल जातो आणि पाण्याची खूण घेऊन बाहेर येतो. गंमत पुढेच आहे. हा बंध अगदी आदर्श स्प्रिंगसारखा असता तर उपस्वर शोषलेच गेले नसते. तो किंचित बेसूर आहे, म्हणून आपलं काम होतं.

या दबक्या स्वरांकडे रसायनशास्त्रज्ञ कचरा म्हणून बघत होते, कारण पाणी, तेल, प्रथिनं सगळ्यांचे उपस्वर एकमेकांत मिसळतात. अमेरिकी कृषी खात्याच्याच बेल्ट्सव्हिल केंद्रातला कार्ल नॉरिस हा शेतीचा अभियंता. अंडी न फोडता पारखण्याच्या कामातून तो इकडे वळला आणि ही सरमिसळ त्याने गणिताने सोडवली: अनेक तरंगलांबींवरची मापं घ्यायची आणि आकडेमोडीने एकेक घटक वेगळा काढायचा. १९६८ मध्ये बेन-गेरा आणि नॉरिस यांनी या रीतीने ज्यातलं पाणी मोजून दाखवलं, ते धान्य सोयाबीनच होतं. नॉरिस २०१९ मध्ये वारला. त्याच्या रीतीवर आज दूध, गहू, औषधाच्या गोळ्या तपासल्या जातात. त्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

नॉरिसच्या रीतीने चालणाऱ्या यंत्राला एकाच झटक्यात तेल आणि प्रथिनंही कळतात. सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्के, प्रथिनं चाळीसच्या आसपास, आणि गिरणीला हवं असतं ते हेच. तरी बाजारात शेतकऱ्याला विचारतात ते पाणी किती, कचरा किती, डागी दाणे किती. म्हणजे कापायला कारण देणारं तेवढं मोजायचं आणि भाव वाढवू शकेल ते मोजायचंच नाही. मला हा पक्षपात वाटतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने दाण्याचा ओलावा सांगतो म्हणणाऱ्या ॲपांवर मात्र पैसे घालवू नका. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीला हजार-अकराशे नॅनोमीटरच्या पुढचं दिसत नाही आणि पाण्याचे ठळक स्वर त्या पलीकडचे. ‘एआय’ची पाटी लावल्याने चकतीची दृष्टी सुधारत नाही. त्यापेक्षा भरवशाचं काम आकाशातून चालू आहे: ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रह रडारच्या लहरी जमिनीवर सोडतो, आणि परत येणाऱ्या लहरींवरून मातीतला ओलावा काढतात तो पाण्याच्या त्याच ८० च्या विद्युत-स्थिरांकाच्या जोरावर. मात्र तिथेही मातीत उतरून प्रत्यक्ष नमुने वाळवल्याशिवाय तक्ता बसत नाही.

तेव्हा मंगरुळपीरच्या वाचकाला इतकंच सांगेन. वाळवलेला माल एक रात्र झाकून ठेवा, म्हणजे साल आणि गाभा सारखे होतील. तापलेला माल मीटरवर नेऊ नका. पोत्याच्या वरून, मधून, तळातून नमुने घ्यायला लावा आणि सरासरी मागा. मीटरचा तक्ता शेवटचा कधी तपासला, हे विचारायला लाजू नका. आणि बाजार समित्यांना विनंती अशी की हंगामाच्या सुरुवातीला आवारातले सगळे मीटर भट्टीत वाळवलेल्या एकाच नमुन्यावर, शेतकऱ्यांसमोर तपासून घ्यावेत आणि कोणता मीटर किती चुकतो ते फलकावर लिहावं. त्याला लागतात एक भट्टी, एक चांगला तराजू आणि तीन दिवस.