बाई, नोंद झाली का?

मैत्रिणींनो, आपल्याकडे एखादीला ‘काय काम करता?’ असं विचारलं की ती पटकन म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबणारी बाईसुद्धा हेच सांगते. माझी मात्र जरा पंचाईत होते. मी नोकरीही करते आणि घरीही असते!

मी टोकावड्याला राहते आणि सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं, ते कुठे अडतं ते शोधायचं आणि लिहून कळवायचं. थोडक्यात, चुका काढायचा पगार मिळतो. (‘मग ते आम्ही फुकटच करतो की!’ असं सासूबाईंचं म्हणणं.) २०२० साली लॉकडाऊन लागला, ऑफिसने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं आणि तेव्हापासून आठवड्यातले बहुतेक दिवस मी घरूनच काम करते. त्याआधी टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण आणि पुढे लोकल असा प्रवास होता. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. त्यामुळे स्वतःचं गाव मला फक्त रविवारी दिसायचं. प्रवासाचे तास वाचले आणि गाव दिवसाउजेडी दिसायला लागलं. कोण किती वाजता पाण्याला जातं, ग्रामसभेची नोटीस कुठे लागते, सभेला कोण जातं आणि कोण जात नाही, हे सगळं.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. तोंडी सांगितलेली चूक कुणी धरत नाही. ती लिहावी लागते. काय बिघडलंय, कुठे, कधीपासून, किती जणांना त्रास होतोय. मग तिला एक नंबर मिळतो, त्याला आम्ही तिकीट म्हणतो. नंबर पडला की ती चूक कुणाच्या तरी नावावर लागते आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्याला विचारता येतं. नंबर नसेल तर बोलणं हवेत विरतं. गावात बसून बघितल्यावर मला वाटायला लागलं, की आपल्या बायकांच्या अडचणी सुटत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच आहे. आपण बोलतो खूप, पण नोंद होत नाही. आणि नोंद करायला जिथे जावं लागतं, तिथे जायला आपल्याला वेळ नसतो.

एक तालुका, दोन गोष्टी

आमच्या मुरबाड तालुक्यात २०१६ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही पेपरात खूप गाजल्या. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी पुढाकार घेतला, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत मिळाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. कुणाकुणाचं वय तर नव्वदीला टेकलेलं. अंगठा उठवायच्या ऐवजी स्वतःचं नाव लिहायला त्या शिकल्या.

त्याच वर्षी नोटाबंदी झाली आणि १ डिसेंबरला आमच्याच तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाच्या मदतीने दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची मशीन मिळाली. मंत्री आले, टीव्हीवाले आले. पुढे मात्र व्यवहार पुन्हा रोखीवर आल्याच्या बातम्याही वाचायला मिळाल्या.

मशीन वाईट होतं असं मी म्हणणार नाही, माझं पोट मशीनवरच चालतं! पण सॉफ्टवेअर तपासताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, की हे वापरणार कोण आणि त्याचा दिवस कसा जातो? संध्याकाळी हातात मजुरी आल्यावर पावशेर तेल नेणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो, हे मशीनला कळत नाही. फांगण्याच्या शाळेची वेळ मात्र दुपारी दोन ते चार ठेवली होती. स्वयंपाक झालेला, धुणीभांडी झालेली, गुरंढोरं अजून परतायची आहेत, अशी ती वेळ. म्हणजे आधी आजीबाईंच्या कामाकडे बघितलं आणि मग शाळेची घंटा ठरवली. माझ्या मते त्या शाळेचं अर्धं यश या वेळेत आहे.

आपली सभा, तीही आधी

ग्रामसभेचं असंच व्हायला हवं. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. त्यामुळे खुर्चीवर बायका दिसतात. (खुर्चीमागे ‘सरपंचपती’ उभे असतात ती गोष्ट वेगळी!) पण खुर्चीसमोर बसणाऱ्या बायका कुठे आहेत?

कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. त्या बहुतेक १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी किंवा त्यांच्या आसपास होतात. नोटीस सात दिवस आधी लागते. आणि नेमकं हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं, की ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची महिला सभा घ्यावी लागते. तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे ठेवावं लागतं. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायद्यामुळे वाडी-पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभाही करता येते.

ग्रामसभेला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा ही अट राहत नाही. मग आलेल्या पंधरा-वीस जणांनी हात वर केले की गावाचा ठराव झाला! आपण गेलो नाही म्हणून काम थांबत नाही, ते आपल्याला सोडून होतं.

नणंदेच्या गावची गोष्ट

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही गावात घडू शकते. माझ्या धाकट्या नणंदेच्या गावी नळपाणी योजना आहे. खालच्या आळीत पाणी येतं, वरच्या आळीत येत नाही. दोन उन्हाळे बायका विहिरीवरून हंडे वाहत होत्या. मी म्हटलं, ‘अगं, कुणाला सांगितलं का?’

‘वहिनी, कितीदा सांगितलं! मेंबरला सांगितलं, सरपंचबाईंना हळदीकुंकवात सांगितलं, पाणी सोडणाऱ्याशी तर रोज भांडण.’

‘लिहून दिलंत का?’

यावर सगळ्या गप्प.

मग आम्ही ओट्यावर बसून वही काढली. किती घरं? एकोणीस. कधीपासून? होळीच्या आधीपासून. कुठल्या घरापर्यंत पाणी येतं आणि कुठून थांबतं? हे सांगताना त्यांच्याच लक्षात आलं, की पाणी थांबतं ते एका ठरावीक वळणावर, आणि तिथला व्हॉल्व्ह नीट उघडत नाही. घरटी रोज किती खेपा? चार ते सहा. एका खेपेला किती वेळ? पाऊण तास. मी घडाघडा लिहीत गेले. तसं बघितलं तर ऑफिसात रोज करते तेच मी केलं. माहिती सगळी त्यांच्याकडे होती, फक्त ती कधी कुणी विचारली नव्हती.

अर्ज झाला, सह्या झाल्या, पण महिला सभा होती सकाळी अकराला. तो भेंडीच्या तोड्याचा हंगाम. सकाळी भेंडी तोडून, भरून गाडीला लागली नाही तर मालही जातो आणि दिवसाची मजुरीही. नणंदेने त्या दिवसाचा रोज बुडवला, म्हणून ती जाऊ शकली. एकोणीस घरांतून सभेला पोचल्या पाच जणी. तरी त्यांनी अर्ज दिला, विषय प्रोसिडिंगला लिहायला लावला आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा म्हणाल्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. पुढे महिनाभराने कुणी म्हणालं, ‘असा अर्ज आलाच नाही,’ तेव्हा ती प्रत कामाला आली.

अडीच महिन्यांनी व्हॉल्व्ह बदलला. सतरा घरांना आता एक दिवसाआड पाणी येतं. शेवटच्या दोन घरांना अजून येत नाही, त्यांचा दुसरा अर्ज दिलाय. ‘सगळं सुरळीत झालं’ असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण त्या पाच जणींनी त्याच सभेत आणखी एक मागणी लिहून दिली होती, की पुढची महिला सभा दुपारी चारला घ्या. पुढची सभा चारला झाली आणि तिला तेवीस बायका आल्या. मला व्हॉल्व्हपेक्षा या तेवीस आकड्याचा जास्त आनंद झाला.

वेळ कुठून आणायचा?

नोकरी करणाऱ्यांची वेगळीच तऱ्हा. मतदानाच्या दिवशी कायद्याने भरपगारी सुट्टी मिळते. ग्रामसभेला मिळत नाही. मी एकदा ग्रामसभेसाठी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर आमचे साहेब विचारतात, ‘मॅडम, ग्रामसभा म्हणजे काय?’ परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना तर २६ जानेवारीलाही कधीकधी लॅपटॉप उघडावा लागतो. पण वर्षातून चारदा, दोन-तीन तास, म्हणजे साऱ्या वर्षात फार तर दीड दिवस! एवढी रजा आपण लग्नाच्या एका बस्त्यालाही घेतो. मी आता वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खुणा करते.

शेतावर, वीटभट्टीवर जाणारीला मात्र रजा हा शब्दच नसतो. तिच्यासाठी सभेनेच वेळ बदलायला हवी, आणि ते मागायचं काम आपण शिकल्या-सवरलेल्यांनी करायला हवं.

हातातल्या मोबाइलचाही उपयोग करा. एप्रिल २०२० पासून सरकारचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ सुरू आहे. राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. ते बघायला पासवर्ड लागत नाही. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने गावाला दिलेल्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवले होते. म्हणजे हंडा आणि संडास, दोन्ही आपलेच विषय! ‘त्यातले आमच्या आळीवर किती खर्च झाले?’ हा प्रश्न कुठल्याही बाईला विचारता येतो. उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. केंद्राचा कायदा २००५चा, आणि महाराष्ट्राने त्याआधीच २००२ साली स्वतःचा कायदा केला होता. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं कराच. बचत गटाच्या बैठकीत एक वही ठेवा. अडचण लिहिताना काय, कुठे, कधीपासून आणि किती घरांना, हे चार प्रश्न विचारा. ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना महिला सभेची तारीख आणि वेळ विचारा, वेळ सोयीची नसेल तर बदलून मागा. कोऱ्या पानावर सही करू नका, आधी वाचून दाखवायला सांगा. अर्ज दिला की शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. आणि घरी परतताना शेजारणीने विचारलं, ‘काय झालं गं सभेत?’ तर तिला नुसतं ‘बोलले’ असं सांगू नका. वही उघडा आणि आवक नंबर दाखवा.