आपल्या खासदाराचा माग

निवडणूक जवळ आली की नाशिकमध्ये फ्लेक्सवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांत एक आकडा फिरू लागतो. साहेबांनी संसदेत इतके प्रश्न विचारले, हजेरी इतके टक्के. हा आकडा बहुतेक वेळा पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीतल्या संस्थेकडून आलेला असतो. 2005 मध्ये सुरू झालेली ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चांतला सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयकं संसदेच्याच नोंदींवरून मोजते. शेजारी राज्याची आणि देशाची सरासरी देते. मोजणी चोख असते. घोळ होतो तो आपण ती वाचतो तेव्हा. मी गेली काही वर्षं आकडा बाजूला ठेवून मूळ प्रश्न, उत्तरं आणि भाषणं वाचत आलो आहे. कंटाळवाणं काम आहे, पण त्याची चटक लागते.

सुरुवात नकाशापासून करावी लागते. नाशिक जिल्ह्याचा कारभार दिल्लीत तीन खासदार पाहतात. शहर, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी नाशिक मतदारसंघात. 2024 पासून तिथे राजाभाऊ वाजे आहेत. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण हा पट्टा दिंडोरीत, म्हणजे भास्कर भगरे यांच्याकडे. मालेगाव आणि बागलाण धुळ्यात; तिथल्या खासदार शोभा बच्छाव एकेकाळी नाशिकच्या महापौर होत्या. लासलगावची बाजार समिती आणि ओझरचा विमान कारखाना दोन्ही निफाड तालुक्यात. त्यामुळे ‘कांद्यावर नाशिकचा खासदार गप्प का’ असं चहाच्या टपरीवर कोणी म्हटलं, की आधी कोणता खासदार, असं विचारावं लागतं.

हजेरीचा रकाना मी पटकन ओलांडतो. सही केली म्हणजे हजेरी. सही करून माणूस सभागृहात किती वेळ बसला हे त्यातून कळत नाही. मंत्र्यांची तर हजेरी धरलीच जात नाही, आणि मंत्री प्रश्नही विचारत नाहीत. 1963 च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. आजच्या तक्त्यात बसवलं तर त्यांच्यापुढे प्रश्न शून्य. दिंडोरीच्या भारती पवार जुलै 2021 मध्ये आरोग्य राज्यमंत्री झाल्या आणि त्यांचाही प्रश्नांचा रकाना तिथेच थांबला. त्यानंतर दुसऱ्या कोणाशी त्यांची तुलना करणं अन्यायाचं.

खरी मजा प्रश्नांत आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. सूचना कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत काढतात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि खासदाराला उपप्रश्न विचारता येतो. पण सकाळी 11 ते 12 या तासाभरात त्यांतले मोजकेच पुकारले जातात. बाकी सारं लेखी. एकाच विषयावर अनेक खासदारांच्या सूचना आल्या तर त्या एकत्र जोडतात, उत्तर एकच, आणि गणतीत मात्र तो प्रश्न प्रत्येकाच्या नावावर. म्हणून मी प्रश्नाच्या डोक्यावरची नावं आधी पाहतो. एकटं नाव दिसलं की थांबून वाचतो.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: सरकार अमुक करणार आहे काय, असल्यास तपशील काय, नसल्यास कारणं काय. या साच्यात गावाचं नाव आलं, धरणाचं किंवा रस्त्याचं नाव आलं, तर समजावं की मतदारसंघातून कोणीतरी निवेदन घेऊन गेलं आहे. नुसतं ‘देशातील शेतकऱ्यांसाठीच्या योजना’ असलं तर तो प्रश्न कुठूनही निघालेला असू शकतो. प्रश्न विकलेही गेले आहेत. डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात 11 खासदारांना घरी जावं लागलं. त्यांत आपल्या शेजारचे दोघे होते, जळगावचे आणि एरंडोलचे. प्रश्नांची संख्या हाच गुण मानणाऱ्यांनी हे प्रकरण अधूनमधून आठवावं. संसदरत्न पुरस्कारही अशाच गणतीवर उभा आहे. महाराष्ट्रात सुप्रिया सुळे आणि श्रीरंग बारणे यांना तो मिळत आला. दोघे कष्टाळू आहेत यात वाद नाही, पण पुरस्काराच्या बातमीत एकाही उत्तराचा मजकूर छापलेला मी पाहिला नाही.

कांद्याचा माग काढताना तर चार दारं ठोठावावी लागतात. लागवड आणि उत्पादन कृषी मंत्रालयाकडे. नाफेड आणि एनसीसीएफमार्फत होणारी बफर खरेदी ग्राहक व्यवहार खात्याकडे. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य खात्याची, आणि निर्यातशुल्क लावणार अर्थ मंत्रालय. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठून पुन्हा शुल्क. तेही 1 एप्रिल 2025 ला गेलं. या काळातली उत्तरं एकापुढे एक ठेवून वाचली की दिसतं, प्रत्येक खातं आपल्यापुरतं बोलतं आणि भाव कोसळण्याचं खातं कोणाचंच नसतं. जाणता खासदार एकच दुखणं चारही खात्यांना विचारतो. गणतीत ते चार प्रश्न. मी ती एकच नोंद धरतो, पण तिच्यापुढे चांगला शेरा लिहितो.

मतांचं काय? नाशिककर सगळ्यात जास्त इथेच निराश होतो. 14 सप्टेंबर 2020 ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच दिवशी पावसाळी अधिवेशन सुरू झालं; करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द, फक्त लेखी उत्तरं. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. एरवीच्या साठा मर्यादेतून कांदा-बटाटा मोकळा करणारी. एका दिवशी सीमेवर कुलूप, दुसऱ्या दिवशी गोदामाचं कुलूप काढलं. नाशिकचे तेव्हाचे खासदार हेमंत गोडसे आणि दिंडोरीच्या भारती पवार यांनी त्यावर कसं मत दिलं? नोंदच नाही, कारण मतदान आवाजी झालं. ‘होय’वाल्यांचा आवाज मोठा, विधेयक मंजूर. नावं छापली जातात ती मतविभागणी मागितली तरच. महिला आरक्षणाला 2023 मध्ये 454 विरुद्ध 2, किंवा वक्फ दुरुस्तीला एप्रिल 2025 मध्ये मध्यरात्रीनंतर 288 विरुद्ध 232, अशी. तिथेही 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी धोक्यात येते. त्यामुळे मतांच्या यादीत मला पक्ष दिसतो, माणूस क्वचितच.

माणूस दिसतो भाषणांत. शून्य प्रहरात मिळालेली मिनिटं आणि नियम 377 खालचं निवेदन वाचावं. छापील वृत्तांतात मधेच ‘व्यवधान’ असा शब्द कंसात येतो, आणि त्या गोंधळात काय झालं ते आपण व्हिडिओवरच पाहायचं. मराठीत केलेलं भाषण वृत्तांतात अनेकदा इंग्रजी भाषांतर म्हणून छापलेलं सापडतं, तळाशी तशी टीप असते. मराठीतच शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

नाशिक-पुणे रेल्वेचा धागा मी असाच धरून आहे. सुमारे 235 किलोमीटरचा मार्ग, सिन्नर-संगमनेरवरून. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला व्यत्यय येईल म्हणून मूळ आखणी अडली आणि शिर्डीमार्गे वळवण्याची भाषा सुरू झाली. या विषयावर शिरूरचे अमोल कोल्हे वारंवार बोललेले सापडतात, म्हणून आपल्या रेल्वेसाठी मला शेजारच्या मतदारसंघाचंही खातं उघडावं लागतं. कोणत्याही विषयात मंत्री ‘माहिती गोळा केली जात आहे, ती पटलावर ठेवू’ म्हणाला, की ते उत्तर आश्वासन ठरतं. ते 3 महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर 1953 पासून लोकसभेची आश्वासन समिती लक्ष ठेवते. मुदत वाढवून मागायची सोय खात्यांना आहे, आणि ती मागितलीही जाते. म्हणून वहीत प्रश्नाच्या तारखेसमोर मी तीन महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवतो. ती उलटली की त्याच खासदाराच्या नावावर तोच विषय पुन्हा आलाय का, एवढं शोधतो.