चक्का, जाजम आणि कोयनेचा खडक

मराठीच्या मास्तराने गणिताच्या वाटेला जाऊ नये, असा आमच्यात संकेत आहे. पण आमची पिढी वडीलधाऱ्यांच्या तोंडून कोयनेच्या भूकंपाच्या हकिकती ऐकत वाढली आणि त्या हकिकतीच्या मुळाशी जाऊ लागले की वाट गणितातूनच जाते. म्हणून हे धाडस.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले. धक्का 6.3 तीव्रतेचा होता. दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणात पाणी साठू लागले होते 1962 पासून. पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध काय? जलाशयाचे ओझे खडकावर पडते हे खरेच. पण पाणी भेगांतून खोलवर आपला दाबही पोहोचवते. दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलेली भेग त्या दाबाने सैल होते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो.

हे समजायला श्रीखंडाचा चक्का पुरे. फडक्यात बांधलेल्या दह्यावर पाटा ठेवला की पाणी निथळते. पाणी गेले की दही आवळते. आवळले की पाणी आणखी सावकाश निघते. पाणी दह्याचा आकार बदलते आणि दही पाण्याची वाट. मातीतली हीच ओढाताण कार्ल टेर्झागी यांनी 1920 नंतरच्या दशकात गणितात मांडली आणि मॉरिस बिओ यांनी 1941 साली ती तिन्ही दिशांना लागू केली.

समीकरणे हाती आली, पण ती सोडवायची कोणी? समजा, दहा किलोमीटर लांब, रुंद आणि खोल खडकाचे शंभर-शंभर मीटरचे ठोकळे पाडले. ठोकळे झाले दहा लाख. प्रत्येकाचे सरकणे तीन दिशांचे आणि पाण्याचा दाब एक. म्हणजे एकूण अज्ञाते 40 लाख! शाळेत आपण एक अज्ञात काढून टाकून दुसरे शोधतो. त्या पद्धतीत अज्ञाते दुप्पट झाली की श्रम आठपट होतात. सेकंदाला एक अब्ज गुणाकार-बेरजा करणारे यंत्र त्याच सरळ वाटेने चालले, तर त्याला पावणेसातशे वर्षे लागतील. 1347 साली बहामनी राज्य स्थापन झाले, तेव्हा ते सुरू केले असते तर उत्तर आता कुठे हाती आले असते!

बहुतेक जागी शून्ये असतात, त्यांचा फायदा घेऊन हे श्रम पुष्कळ कमी करता येतात. पण पसारा वाढला की तीही युक्ती थकते. मग अंदाजाने उत्तर धरायचे आणि चूक हळूहळू पुसत जायचे. इथे जाजम आठवावे. हाताने चापून बसवले की बारीक सुरकुत्या जातात, पण मधला मोठा फुगवटा नुसता इकडून तिकडे पळतो. त्यासाठी चार कोपरे धरून ताणावेच लागते. गणितातही तसेच करतात: बारीक चूक बारीक ठोकळ्यांवर पुसायची आणि लांबवर पसरलेली चूक मोठ्या ठोकळ्यांवर. ही कल्पना 1960 नंतर सोव्हिएत गणिती फेडोरेन्को यांनी मांडली. पुढे इस्रायलच्या आखी ब्रांट यांनी ती व्यवहारात आणली.

खडक आणि पाणी यांचे गणित एकत्र असल्यामुळे आणखी एक पेच पडतो. आधी पाणी, मग खडक, पुन्हा पाणी, असे आळीपाळीने सोडवताना क्रम चुकला तर उत्तर झोके घेत सुटते. पाण्याचा हिशेब करताना खडकावरचा ताण तेवढ्यापुरता स्थिर धरला, तर ते सावरते.

उत्तम पद्धतीची कसोटी एकच. ठोकळ्याची बाजू निम्मी केली, ठोकळे आठपट झाले आणि यंत्रेही आठपट लावली, तर वेळ जवळजवळ तेवढाच लागला पाहिजे. पंक्तीला पाने वाढली तर वाढपी वाढवावेत. पण वाढप्यांनी एकमेकांच्या वाटेत येऊ नये, ही खरी व्यवस्था!

भूकंपाची तारीख या गणितातून निघत नाही, तशी आशाही कोणी धरू नये. पण कोयनेजवळ गोठणे येथे 2017 पर्यंत सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर खणले गेले, ते त्या खडकाची नाडी पाहण्यासाठी. अशी मोजमापे आणि हे गणित एकत्र आले की पाणी किती वेगाने चढवावे, दाब कुठवर पोहोचेल, हे प्रश्न निदान नीट विचारता येतात. धरणाखाली राहणाऱ्या माणसांना एवढे तरी देणे आपण लागतोच.