कानांतील तीन हाडें

पंचज्ञानेंद्रियांमध्यें डोळ्यांचें कौतुक सर्वांत अधिक. कानाकडे आपलें लक्ष जातें तें बहुधा तो दुखूं लागला म्हणजेच. परंतु कर्णपटलाच्या मागें असलेल्या लहानशा पोकळींत निसर्गानें जी योजना केली आहे, ती पाहिली असतां मन थक्क होतें. तेथें एकमेकांस जोडलेलीं तीन हाडें आहेत. त्यांच्या आकारांवरून त्यांस हातोडा, ऐरण व रिकीब अशीं नांवें पडलीं आहेत. रिकीब हें मनुष्यदेहांतील सर्वांत लहान हाड होय. त्याची उंची सुमारें ३ मिलिमीटर आणि वजन सुमारें ३ मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याच्या वजनांत अशा चार-पांच रिकिबी सहज भराव्या. हीं हाडें जन्मतःच पूर्ण वाढलेलीं असतात. म्हणजे पाळण्यांतील नातवाच्या आणि आजोबांच्या कानांतील हाडें आकारानें सारखींच!

आतां, ध्वनीला अंतःकर्णांत पोंचण्यास ह्या मध्यस्थांची गरज काय? नदींत बुडी मारलेल्या मुलास घाटावरून मारलेली हाक नीट ऐकूं येत नाहीं. कारण हवेंतील ध्वनि पाण्यावर आदळून बहुतेक परत फिरतो. हजारांतील एखादाच अंश आंत शिरतो. आपला शंखाकृति अंतःकर्ण अशाच द्रवानें भरलेला आहे. ही अडचण तीं तीन हाडें दूर करितात. हातोड्याची दांडी कर्णपटलास आंतून चिकटलेली असते, आणि रिकिबीचा तळ अंतःकर्णाच्या अंडाकृति गवाक्षांत बसलेला असतो. पटलाचा कंप पावणारा भाग सुमारें ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीचा तळ तिनांहून किंचित् अधिक. टांचणीच्या डोक्यावर दिलेला दाब जसा टोंकाशीं एकवटतो, तसा येथें तो सुमारें सतरापट होतो. शिवाय हातोड्याची दांडी ऐरणीच्या दांडीहून लांब असल्यामुळें तरफेच्या न्यायानें तो आणखी १.३ पट वाढतो. दोहोंचा गुणाकार सुमारें बावीस.

कांहीं माणसांच्या कानांत रिकिबीभोंवतीं नवें हाड वाढून ती जागच्या जागीं घट्ट बसते. हा विकार बहुधा ऐन तारुण्यांत दिसूं लागतो, पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो, आणि पुष्कळदां एकाच कुळांत पिढ्यान् पिढ्या चालत येतो. त्याचीं लक्षणें गृहस्थाश्रमी माणसांनीं अवश्य ध्यानांत ठेवावीं. रोग्यास स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून मोठा ऐकूं येतो, म्हणून तो हळू बोलतो. आणि हळू बोलणारें माणूस बहिरें असेल, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. दुसरें असें कीं, गलबल्यांत त्यास पुष्कळदां अधिक बरें ऐकूं येतें. मग घरांतील सुनेनें हाकेला ओ दिली नाहीं कीं, 'हिला हवें तेवढें बरोबर ऐकूं येतें' असा शेरा मिळतो. ती बिचारी उद्धट ठरते आणि आंतल्या आंत कुढत राहते. दोष मात्र तांदळाच्या कणीएवढ्या हाडाचा असतो!

ह्याची परीक्षा सोपी आहे. वैद्य नादकाटा वाजवून प्रथम कानाजवळ धरतात, मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेंकवितात. निरोगी माणसास तो हवेंतून अधिक मोठा ऐकूं येतो. रिकीब अडकलेल्यास हाडावरून. उपायही आहेत. १९५६ सालीं अमेरिकेंतील मेंफिस येथें डॉ. जॉन शे यांनीं अडकलेली रिकीब काढून तिच्या जागीं कृत्रिम रिकीब बसविली, आणि आज ही शस्त्रक्रिया आपल्याकडेही होते. तींत क्वचित् उरलेलें ऐकणेंही जाण्याचा धोका असतो; ज्यांस तो नको असेल त्यांस श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो.

आणखी एक सांगणें आहे. कान दीर्घकाळ वाहत राहिला तर ह्या हाडांस, विशेषतः ऐरणीच्या बारीक दांडीस, झीज लागते. अशा वेळीं लसणीचें कढत तेल घालूं नये, आणि कानांत काडी किंवा आंकडा तर कधींच घालूं नये; मुलास वेळींच वैद्याकडे न्यावें. तसेंच, घरांतील कोणी वारंवार 'काय म्हणालांत?' असें विचारूं लागल्यास रागावण्याआधीं त्याचा कान तपासून घ्यावा.