चार हजार व्होल्टची कैफियत

ज्या कारागिरांची हयात काचेच्या चित्रनलिकेचे दूरचित्रवाणी संच दुरुस्त करण्यात गेली, त्यांच्या अंगी उच्च विद्युद्दाबाविषयी एक प्रकारची निर्भयता मुरलेली असते, आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येणार नाही. कारण रंगीत संचाच्या नलिकेला २५,००० व्होल्टच्या आसपास दाब पुरवला जात असला, तरी त्या दाबामागची विद्युद्धारा एखाद्दुसऱ्या मिलिअँपिअरची असे, आणि तिचा झटका खाऊन, हात झाडून, दोन शिव्या हासडून पुन्हा कामाला लागलेली माणसे लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील रिपेअरिंगच्या टपरीपर्यंत कोठेही भेटतील. हीच निर्भयता मायक्रोवेव्ह ओव्हनचे पत्र्याचे झाकण उतरवताना प्राणघातक ठरते. येथे दाब अवघा ४,००० व्होल्टचा. परंतु त्यामागचा ट्रान्सफॉर्मर ३०० मिलिअँपिअर आणि प्रसंगी त्याहूनही पुष्कळ अधिक धारा देण्यास समर्थ असतो, आणि हृदयाचा ठोका विस्कटण्यास तिचा दशांशही पुरेसा होऊ शकतो.

एवढा दाब स्वयंपाकघरात आला कोठून, याचा दाखला युद्धखात्याच्या दप्तरात सापडतो. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये जो पोकळी-मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला, तो त्याच वर्षी टिझार्ड शिष्टमंडळाने अमेरिकेत नेला आणि शत्रूची विमाने हेरण्याच्या कामी त्याला जुंपले; पुढे रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी त्याच्या लहरींनी अन्न शिजवण्याच्या पद्धतीचा एकस्व-अर्ज १९४५ साली दाखल केला, आणि १९४७ साली बाजारात आलेले पहिले यंत्र पुरुषभर उंचीचे, तीनशे किलोंहून जड आणि पाण्याने थंड ठेवावे लागणारे होते. ओट्यावर मावणारा ओव्हन लोकप्रिय व्हायला १९६७ साल उजाडले. आकार घटला, किंमत घटली. मॅग्नेट्रॉनची भूक मात्र पलटणीतलीच राहिली.

ती भागवण्याची तजवीज मोठी काटकसरीची आहे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे सुमारे २,००० व्होल्ट करतो, आणि त्याच्याच एका वेगळ्या गुंडाळीतून मॅग्नेट्रॉनची तार तापवण्यासाठी तीनएक व्होल्ट निघतात. प्रवाहाच्या एका अर्धचक्रात डायोड उघडून साधारण एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरला जातो, आणि दुसऱ्या अर्धचक्रात कपॅसिटरमधील संचय व ट्रान्सफॉर्मरचा दाब एकत्र होऊन मॅग्नेट्रॉनच्या ऋणाग्रावर चेसिसच्या तुलनेने उणे ४,००० व्होल्ट उभे राहतात. मॅग्नेट्रॉनचे धनाग्र आणि उच्चदाबाच्या गुंडाळीचे एक टोक ही दोन्ही थेट पत्र्याला जोडलेली असल्याने ज्याचा एक हात चेसिसवर टेकला आहे, त्याने मंडळाचा अर्धा भाग स्वतःच्या देहाने आधीच पूर्ण केलेला असतो. घरात गळतीप्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवले आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की दुय्यम गुंडाळी मुख्य वीजबाजूपासून विलग असल्याने तिच्यात माणूस सापडला तरी त्या उपकरणाला खबर लागत नाही. अर्थिंग नसलेल्या बोर्डावर, दोनच तारांचे एक्स्टेन्शन लावून ओव्हन चालवणे हा या सर्वांवरचा कळस होय. आत ट्रान्सफॉर्मरची पत्र्याशी असलेली जोड सैल झाली, तर मग बाहेरच्या पत्र्यावर काय येईल याचा जामीन कोणी द्यावा?

सामान्य समजुतीने सारा दोष कपॅसिटरच्या माथी मारला जातो. त्याचा बंदोबस्त आधी करायचा हे खरेच. त्याच्या पोटात १० मेगओहमचा रोधक असतो आणि तो शाबूत असेल तर प्लग काढल्यावर मिनिटाभरात बहुतेक संचय झिजून जातो. पण तो रोधक तुटलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि मॅग्नेट्रॉनची तार तुटून ओव्हन बंद पडला असेल तर संचयाला वाहून जाण्याची दुसरी वाटही उरत नाही, म्हणजे जे यंत्र बिघडून टेबलावर आले त्याच्याच बाबतीत धोका अधिक. म्हणून जाणता कारागीर प्लग काढून तो नजरेसमोर टेबलावर ठेवतो. चांगल्या दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या पोलादाला क्लिपची तार लावतो, तिचे दुसरे टोक प्रथम चेसिसच्या रंग नसलेल्या धातूला चावते करतो, मग कपॅसिटरच्या एकेका टर्मिनलला पाते टेकवतो, शेवटी दोन्ही टर्मिनले एकमेकांना जोडतो, आणि हे सारे एका हाताने, दुसरा हात खिशात ठेवून. क्रम उलटला, म्हणजे क्लिप चेसिसला लावण्याआधी पाते टर्मिनलला भिडले, तर तारेचे मोकळे टोक उच्चदाबाचे होऊन हातात लोंबत राहते. एकदा ठिणगी उडाली म्हणून समाधान मानू नये. तीच क्रिया पुन्हा करावी.

आता मुख्य मुद्दा. या उच्चदाबाचे मापन करण्याची गरज मुळी कधी पडतच नाही. हजार व्होल्टच्या आतल्या मर्यादेचा मल्टीमीटर चालू ओव्हनच्या कपॅसिटरला लावणे म्हणजे मीटर आणि माणूस दोन्ही गमावण्याचा सौदा होय. निदान करायचे ते निष्प्राण यंत्रावर, आणि चालू असतानाच्या लक्षणांवरून. दिवा लागतो, ताट फिरते, पंखा वाहतो, पण पाणी तापत नाही आणि यंत्र नेहमीपेक्षा जड गुरगुरते, तर डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाला असावा, किंवा मॅग्नेट्रॉनची तार कवचाला चिकटली असावी. गुरगुर अजिबातच नसेल, तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीज पोहोचत नाही असे धरून रिले आणि दाराचे स्विच पाहावे. ती पोहोचते की नाही हे बघायचे तर प्लग काढून व डिस्चार्ज करून ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या जोड्या उपसाव्यात, मीटरच्या क्लिपा त्या तारांना आधी लावाव्यात, आणि हात बाहेर काढून मगच प्लग लावावा. म्हणजे मोजायचे ते २३० व्होल्ट, आणि उच्चदाब जन्मालाच येत नाही.

मॅग्नेट्रॉनची परीक्षा सोपी आहे: दोन्ही टर्मिनलांमध्ये एक ओहमच्याही आतला रोध, आणि टर्मिनल ते कवच यांच्यात अनंत. डायोडपाशी मात्र नवखे फसतात. त्याच्या पोटात अनेक संधी एकामागोमाग बसवलेल्या असल्याने साध्या मीटरच्या डायोड-मापनाचा दोन-तीन व्होल्टचा दाब त्यांना उघडू शकत नाही, आणि धडधाकट डायोडही दोन्ही बाजूंनी ओपन दाखवतो. असे निरपराध डायोड कचऱ्यात किती गेले असतील कोण जाणे. येथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, डायोड आणि व्होल्टवर ठेवलेला मीटर अशी सरळ साखळी करावी. एका दिशेने काही व्होल्ट दिसले आणि डायोड फिरवताच शून्य आले तर तो निर्दोष, दोन्हीकडे पूर्ण नऊ आले तर शॉर्ट, दोन्हीकडे शून्य तर तुटलेला.

फ्यूज दार उघडता-मिटताना उडत असेल तर प्रकरण वेगळ्या खात्याचे आहे. दारामागच्या स्विचांपैकी एक पहारेकरी असतो. दार उघडूनही मुख्य स्विच चिकटून चालू राहिलाच, तर हा पहारेकरी मुद्दाम वीजपुरवठा शॉर्ट करून फ्यूजचा बळी देतो, जेणेकरून उघड्या दाराने लहरी बाहेर पडू नयेत. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमाने वापरातील ओव्हनपासून ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट एवढीच गळती क्षम्य धरली आहे, आणि ही सारी कडी-कोयंड्यांची व्यवस्था त्यासाठी आहे. तेव्हा फ्यूजच्या जागी तार गुंडाळणारा वायरमन बिघाड दुरुस्त करत नाही, पहारेकऱ्याला बडतर्फ करतो. असा फ्यूज उडाल्यावर मुख्य स्विच आणि पहारेकरी स्विच दोन्ही बदलावेत, कारण त्या एका शॉर्टमध्ये दुसऱ्याचे स्पर्शबिंदूही जळालेले असतात.

भंगारातील ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेच्या फांद्यांची नक्षी जाळण्याचा छंद परदेशात फोफावला, त्यात एवढी माणसे दगावली की अमेरिकेतील लाकूड-काताऱ्यांच्या संघटनेला आपल्या कार्यक्रमांतून त्या प्रयोगावर बंदी घालावी लागली. त्या मांडणीत कपॅसिटर बहुधा नसतोच. मारतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि तो प्लग लागलेला असेतोवरच मारतो, म्हणूनच डिस्चार्जइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल टेबलावर दिसणाऱ्या त्या प्लगला द्यावयाचे.

इन्व्हर्टर जातीच्या ओव्हनमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर जाऊन त्याच्या जागी छोटे मंडळपत्रक येते. त्याची ॲल्युमिनियमची पट्टीही मुख्य विजेच्या दाबावर जिवंत असते, आणि वीज लागलेली असताना तिला हात लावण्याची मुभा कोणासही नाही.

सर्व भाग जोडून, झाकणाचे सगळे स्क्रू परत बसवून झाल्यावर ओव्हनची हजेरी पाण्याने घ्यावी. एक लिटर पाण्याचे तापमान मोजून ते मिनिटभर पूर्ण शक्तीवर ठेवावे, ढवळून पुन्हा मोजावे, आणि वाढलेल्या अंशांना ७० ने गुणावे. दहा अंश वाढले तर सुमारे ७०० वॉट मिळत आहेत. सहा-सातच अंश वाढले आणि यंत्रावर ८०० लिहिलेले असेल, तर झाकण पुन्हा उतरवण्याआधी घरातला वीजदाब उतरलेला नाही ना ते पाहावे. तो ठीक असल्यास प्लग काढून, डिस्चार्ज करून, मॅग्नेट्रॉनचा चुंबक तडकला आहे का ते बघावे.