दत्तपूरचे मनोहरजी आणि अंगावरचा बधिर चट्टा

कुष्ठरोगाच्या इतिहासात १८७३ हे साल दोन घटनांमुळे लक्षात राहते. त्या वर्षी नॉर्वेतील बर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांना सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचे जंतू दिसले. त्याच वर्षी बेल्जियमचे धर्मगुरू फादर डेमियन हे पॅसिफिक महासागरातील मोलोकाई बेटावर गेले. हवाईमधील कुष्ठरुग्णांना तेव्हा सक्तीने त्या बेटावर नेऊन ठेवत असत. डेमियन यांनी रुग्णांच्या जखमा बांधल्या आणि त्यांच्यासाठी घरे उभारली. पुढे त्याच रोगाने १८८९ साली ते गेले. ही कथा जगभर सांगितली जाते. वर्ध्याजवळच्या दत्तपूरची कथा मात्र आपल्याच जिल्ह्यात कितीजणांना ठाऊक आहे?

तेव्हा या रोगाला सर्रास महारोग किंवा रक्तपिती म्हणत. रोग उघड झाला की रुग्णाचे ताट-वाटी वेगळे होई आणि पुढे त्याची झोपडी गावाबाहेर जाई. औषध म्हणून चालमोगऱ्याच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शने देत. गुण बेताचाच येई. देशात कुष्ठसेवा होती, पण ती बहुतांशी परदेशी मिशनऱ्यांच्या हातून होत होती. अशा काळात विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी हे काम आयुष्यभरासाठी पत्करले. १९३६ साली दत्तपूरला महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू झाले. मनोहरजी डॉक्टर नव्हते. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, इंजेक्शन देणे हे सारे ते शिकून घेऊन करू लागले. शेती आणि सूतकताई यांच्या जोरावर रुग्णांनी स्वतःच्या श्रमाची भाकरी खावी, ही तेथील रीत होती. गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत कुष्ठसेवेला स्थान दिले आणि मनोहरजींच्या कामाचा नावानिशी उल्लेख केला.

सेवाग्राम आश्रमात गेलेल्या वाचकांनी परचुरे कुटी पाहिली असेल. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींच्या काळात होते. कुष्ठरोग बळावल्यावर ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांची सोय केली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. शास्त्रीजींचे अखेरचे दिवस दत्तपूरला गेले.

सेवेने रुग्णाला माणुसकी मिळाली, पण रोग हटवायला औषध हवे होते. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि डॅप्सोनची स्वस्त गोळी मिळू लागली. याच सुमारास, १९५१ साली, वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना झाली. तेथे डॉ. वारदेकर यांनी साधाच, पण फार दूरवर पोचणारा विचार मांडला. रुग्ण लाजेपोटी दवाखान्यात येत नाही; तर मग दवाखान्यानेच त्याच्या घरी जावे. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन प्रत्येकाची कातडी तपासू लागले, गावाला रोगाची माहिती देऊ लागले आणि रुग्णाला घरीच ठेवून गोळ्या देऊ लागले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही ती त्रिसूत्री. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली.

पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली एकापेक्षा अधिक औषधे एकत्र देण्याची बहुविध औषधोपचार पद्धती सुचवली. देशात ही पद्धती जिल्हाभर राबवण्याची सुरुवात ज्या जिल्ह्यातून झाली, तो आपला वर्धा. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून खाली आले.

याचा अर्थ रोग संपला असा मात्र नाही. माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरकडे आजही रुग्ण येतात, आणि बहुधा उशिरा येतात. मध्यंतरी एक शेतमजूर हातावरचा फोड दाखवायला आला. तव्याने हात भाजला होता, पण त्याला कळलेच नव्हते. दंडावर फिकट चट्टा होता आणि कापसाचा स्पर्श तेथे समजत नव्हता. रोगाचे नाव ऐकताच त्याने उपचाराचे काहीच विचारले नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टरसाहेब, गावात माहीत तर नाही ना पडणार?” मनोहरजींनी ज्या भीतीशी झुंज दिली, ती अजून घराघरात शिल्लक आहे.

म्हणून काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तेथे स्पर्श, गरम-गार कळत नसेल, तर तपासून घ्या. असा चट्टा दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही, त्यामुळेच तो अंगावर काढला जातो. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा येणे, कानाच्या पाळ्या जाड होणे, बोटे वाकडी होऊ लागणे हीही लक्षणे आहेत. हा रोग आनुवंशिक नाही आणि पूर्वजन्मीचे पापही नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातून, श्वासावाटे जंतू पसरतात. पण बहुतेकांच्या अंगात त्यांना रोखण्याची शक्ती असते. जंतू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी त्याहून बरीच अधिक लागतात.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने ती घ्यावी लागतात. लघवी लालसर होते, कातडी काहीशी काळवंडते. तेवढ्याने घाबरून गोळ्या सोडू नयेत. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून रोग पसरण्याची भीती लवकरच संपते. त्याचे ताट, अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही. मात्र घरातील सर्वांनी एकदा तपासणी करून घ्यावी.

चट्टा लवकर दाखवला तर तो बरा होतो आणि हात शाबूत राहतो. उशीर झाला तर जंतू मरतात, पण वाकलेली बोटे आणि गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. घरी आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी कातडी तपासायला आल्या, तर “आमच्याकडे तसले काही नाही” म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नका. घरी जाऊन रुग्ण शोधण्याची ही रीत याच जिल्ह्यातून देशभर गेली आहे.